नोकरी सुटली, नोकरी सोडली : एका हिशेबाची भाषा

नोकरी संपल्याचे सांगायला मराठीत निदान चार वाक्ये रोजच्या वापरात आहेत. 'नोकरी गेली', 'नोकरी सुटली', 'नोकरी सोडली' आणि 'कामावरून कमी केलं'. पहिल्या दोन वाक्यांत कर्ता नोकरीच आहे. जणू ती आपल्या पायांनी चालत गेली. तिसऱ्यात कर्ता बोलणारा स्वतः. चौथे वाक्य कारखान्यातले. त्यात कर्ता उच्चारला जात नाही, पण तो कोण हे ऐकणाऱ्याला विचारावे लागत नाही. 'मला कमी केलं' असे कुणी म्हणाले की करणारा मालक आणि भोगणारा मी, हे दोन्ही एका दमात सांगून होते.

गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मराठी माणसाच्या नोकऱ्या तीन मोठ्या लाटांत संपल्या. आधी मुंबईच्या कापड गिरण्यांत, मग बँका आणि सरकारी कंपन्यांत, आणि आता संगणक क्षेत्रातल्या कंपन्यांत. या वाटचालीत चौथे वाक्य मागे पडत गेले आणि तिसरे पुढे आले. हे आपोआप घडले नाही. नोकरी संपवताना कंपनी जी रक्कम देते, ती केवळ गेलेल्या वर्षांची भरपाई नसते. त्या रकमेत वाक्याचा कर्ताही बदलून घेतलेला असतो. मराठी कथा-कादंबरीने हा व्यवहार अजून नीट वाचलेला नाही, असे माझे म्हणणे आहे. त्याची कारणे या लेखात तपासायची आहेत.

न मिळालेला हिशेब

गिरणगावात नोकरीच्या शेवटी मिळणाऱ्या पैशाला 'हिशेब' म्हणत. 'हिशेब घेतला आणि गावी गेला' या वाक्यात एका कामगाराचे सगळे उत्तरायुष्य येई. नारायण सुर्वे यांच्या चरित्रात या हिशेबाची एक जुनी नोंद आहे. रस्त्यावर सापडलेल्या या मुलाला वाढवणारे गंगाराम सुर्वे गिरणी कामगार होते. १९३६ साली ते गिरणीतून निवृत्त झाले, नारायणच्या हातावर दहा रुपये ठेवले आणि कोकणात निघून गेले. मुलगा दहा वर्षांचा होता. त्या पिढीच्या कामगाराला निवृत्तिवेतन नव्हते, ग्रॅच्युइटीचा कायदा यायला १९७२ साल उजाडायचे होते, आणि गाव हाच त्याचा विमा होता. सुर्व्यांच्या कवितेत कामगाराचा जो ताठ स्वर आहे, त्याच्या मुळाशी हे दहा रुपये आहेत हे विसरून चालणार नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही; तो विरत गेला. पुढे गिरण्या एकेक करून आजारी ठरल्या, बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या. कामगारांच्या तोंडी तेव्हापासून एक शब्द बसला : 'देणी'. थकलेली देणी, बुडालेली देणी, कोर्टात अडकलेली देणी. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव असलेल्यांना घर मिळावे यासाठीचा लढा पुढे अनेक वर्षे चालला आणि २०१२ साली म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली. त्यासाठी अर्ज करणाऱ्यांत कामगारांच्या बरोबरीने त्यांचे वारसही होते. म्हणजे हिशेब एका पिढीत पुरा झाला नाही, तो वारशाने पुढे गेला.

जयंत पवार यांचे 'अधांतर' हे १९९७चे नाटक या न मिळालेल्या हिशेबावर उभे आहे. चाळीतली एक खोली आणि तीत कोंडलेले कुटुंब. एक मुलगा लेखक होऊ पाहतो, एक क्रिकेटच्या धावत्या वर्णनात रमतो, एक टोळीच्या वाटेला लागतो. या नाटकावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यातली एकच गोष्ट इथे हवी आहे. नाटकातले संघर्ष घरातल्या घरात होतात, भाऊ भावावर धावून जातो, तरी कुठल्याही प्रेक्षकाला असे वाटत नाही की चूक या मुलांची आहे. खोलीबाहेर गिरणी आहे हे सतत जाणवत राहते. कर्ता रंगमंचावर येत नाही, पण वाक्यातून तो पुसलेलाही नाही. पवारांच्या पुढच्या कथासंग्रहाचे नाव 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'. फिनिक्स हे लोअर परळच्या एका गिरणीचे नाव, जिच्या जागी आज मॉल आहे. नावातच पुरावा ठेवण्याची ही रीत लक्षात घेण्याजोगी आहे.

गिरणीविषयीचे लेखन शक्य झाले, कारण हिशेब उघडा राहिला होता. पैसे थकले होते म्हणून मोर्चे होते, मोर्चे होते म्हणून याद्या होत्या, आणि याद्या होत्या म्हणून माणसांची नावे आणि त्यांच्या गोष्टी बाहेर राहिल्या. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या मुलाखतींतून मोठा मौखिक इतिहास उभा केला, तोही बोलायला तयार असलेली माणसे होती म्हणून. कामगाराला बोलायची बंदी करणारा कागद कुणी त्याच्यापुढे ठेवला नव्हता, कारण ठेवायला बरोबर पैसेच नव्हते.

'स्वेच्छा' हा शब्द

दुसऱ्या लाटेत पैसे आले आणि त्यांच्याबरोबर एक नवा शब्द आला : स्वेच्छानिवृत्ती. बोलण्यात तिचे 'व्हीआरएस' झाले. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांच्या योजनेत सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या सेवेचा पगार, यांतली कमी रक्कम, असा तिचा साचा होता. २०१९च्या योजनेत बीएसएनएलचे साडेअठ्ठ्याहत्तर हजार आणि मुंबई-दिल्लीच्या एमटीएनएलचे चौदा हजारांवर कर्मचारी ३१ जानेवारी २०२० रोजी एकाच दिवशी घरी गेले. अट पन्नाशी ओलांडल्याची होती.

यांतल्या अनेकांनी खरोखरच आनंदाने सही केली, हे मान्य केले पाहिजे. मुलांची शिक्षणे आटोपली होती, कर्ज फिटले होते, बदलीचा जाच संपणार होता. पण ज्या खात्यात महिनोन्महिने पगार लांबतो, काम काढून घेतले जाते आणि 'पुढची योजना यापेक्षा कमी रकमेची असेल' अशी कुजबुज रोज कानावर येते, तिथली इच्छा कितपत स्वतःची? 'व्हीआरएस घेतली' हे क्रियापद पाहा. घेतली म्हणजे हात पुढे करून घेतली.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीतून २००९ साली मीही असाच बाहेर पडलो. तीन पानी मसुदा इंग्रजीत होता. मी स्वखुशीने जात आहे, माझे कसलेही येणे उरलेले नाही, आणि या अटी मी कुणाला सांगणार नाही, असे त्यात प्रथमपुरुषी एकवचनात लिहिले होते. 'मी' माझा होता आणि वाक्ये कंपनीची होती. त्या तीन पानांवर मराठी म्हणावे असे एकच होते, माझी सही. पुढे जुनी कागदपत्रे आणि छापील मजकूर वाचण्याचा नाद लागला, तेव्हा कळले की असा मसुदा हाही एक वाङ्मयप्रकार आहे. त्याचा लेखक एक, निवेदक दुसरा, आणि निवेदकाला पैसे लेखक देतो.

कायदा कोणते वाक्य वाचतो

हा भाषेचा काथ्याकूट वाटू नये म्हणून कायद्याकडे वळू. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली एक प्रकरण घातले गेले. त्यानुसार निदान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागे. शिवाय दोन गोष्टी होत्या. सामान्यतः शेवटी आलेल्याने आधी जायचे. आणि पुन्हा भरती निघाली तर कमी केलेल्याला आधी बोलवायचे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही पंधरा दिवसांचे माप तेच राहिले. कमी केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने आणखी पंधरा दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा, ही भर पडली.

या मापाचा अर्थ साध्या गणिताने कळतो. अठरा वर्षे नोकरी झालेल्याला दोनशे सत्तर दिवसांचा, म्हणजे नऊ महिन्यांचा पगार. वयाच्या पंचेचाळिशीत, वाकडच्या फ्लॅटचे हप्ते चालू असताना, नऊ महिने. पण हे नऊ महिनेही कोणते वाक्य लिहिले गेले यावर ठरतात. कायद्यात 'कपात' म्हणजे मालकाने नोकरी संपवणे. स्वेच्छानिवृत्ती तीत धरलेली नाही, आणि राजीनामा तर कामगाराचेच कृत्य. 'कंपनीने मला कमी केले' हे वाक्य टिकले तर भरपाई हक्काची, ज्येष्ठतेची यादी हक्काची, पुन्हा बोलावण्याचा अग्रक्रम हक्काचा. त्याचे 'मी नोकरी सोडली' झाले की उरते ती कंपनीने ठरवलेली रक्कम, तिच्या मर्जीची. व्याकरणातला प्रयोग बदलतो तेव्हा पैशांतही फरक पडतो.

आणखी दोन शब्द पाहण्यासारखे आहेत. 'ले-ऑफ' हा शब्द आज सर्रास कायमच्या कपातीसाठी वापरला जातो. भारतीय कायद्यात त्याचा अर्थ वेगळा आहे : कोळसा, वीज, कच्चा माल नसल्याने काही काळ काम देता न येणे. त्या काळात नोकरी कायम राहते आणि मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. दुसरा शब्द 'मॅनेजर'. कायद्याच्या 'कामगार' या व्याख्येत तांत्रिक काम करणारा येतो, व्यवस्थापकीय काम करणारा येत नाही. न्यायालये हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम पाहतात, पण तिथवर जायचे कोणी? ज्याच्या हाताखाली एकही माणूस नाही असा मॅनेजर आपल्याकडे प्रत्येक कंपनीत सापडतो. बढतीच्या दिवशी पेढे वाटले जातात. कायद्याचे छत्र आपल्याला आहे की नाही, ही शंका त्याच दिवशी सुरू झाली हे त्याच्या गावीही नसते.

गुणवत्तेची लाज

आता तिसरी लाट. जुलै २०२५मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सहा लाखांहून अधिक मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोक कमी करण्याचे जाहीर केले. जिथे एकदा चिकटले की जन्माचे भले झाले अशी समजूत होती, तिथून ही बातमी आली म्हणून हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत घराघरांत ती चर्चिली गेली.

अशा वेळी मराठी साहित्यात काय सापडते? नोकरदार माणूस हा तर आपल्या गद्याचा लाडका नायक. 'असा मी असामी'तला धोंडो भिकाजी जोशी घ्या. भोवतालचे सगळे जग बदलते, चाळ जाऊन फ्लॅट येतो, कपडे आणि चालीरीती बदलतात. त्या बदलांना हसता येते, कारण खाली नोकरीची जमीन पक्की आहे. मध्यमवर्गीय मराठी कथेतल्या कचेरीत साहेबाची भीती असते, बदलीची असते, मेमोची असते, निवृत्तीनंतरच्या रिकामपणाची असते. कमी केले जाण्याची भीती तिथे फारशी नसते. ती गिरणगावाची, म्हणजे दुसऱ्यांची. संगणकवाले मराठीत लिहीत नाहीत म्हणून हे चित्र जुनेच राहिले, असे कारण पुढे केले जाते. ते पटण्यासारखे नाही. दिवाळी अंकांतून अभियंते भरपूर लिहितात. परदेशातला एकटेपणा, रात्रपाळीतला संसार, ऑफिसातले प्रेम, ताण आणि आजार हे विषय माझ्या वाचनात कितीतरी वेळा आले. नोकरी जाण्याचा प्रसंगही येतो. पण तो कथेत असाच येतो : 'आणि मग त्याची नोकरी सुटली.' पुढच्या ओळीपासून नवरा-बायकोतला तणाव सुरू होतो. कर्ता नसलेले हे वाक्य लेखक बिनदिक्कत लिहून जातो आणि कंपनीच्या मसुद्यावर आणखी एक सही होते.

गप्प राहण्याचा करार हे याचे एक कारण झाले. पण करार एवढा बलवान नसतो. मोठे कारण लाजेचे आहे, आणि ही लाज गिरणी कामगाराच्या लाजेहून वेगळी आहे. चाळीच्या गॅलरीत सगळेच बेकार होते. हाउसिंग सोसायटीत मात्र सकाळी आठला सगळ्यांच्या गाड्या बाहेर पडतात आणि एकच गाडी जागेवर राहते. त्यातही, एकाच दिवशी हजारोंना काढले तरी प्रत्येकाला एकट्याला बोलावले जाते, आणि त्याच्यासमोर त्याचे 'रेटिंग' ठेवले जाते. म्हणजे कपात परीक्षेच्या भाषेत सांगितली जाते. ज्या समाजाने दहावीच्या टक्क्यांपासून माणसाची किंमत केली, आरक्षणाच्या वादात गुणवत्तेचा जप केला आणि 'आमच्या हुशारीवर मिळवले' या वाक्यावर दोन पिढ्या उभ्या केल्या, त्या समाजातल्या माणसाला हा निकाल खोटा म्हणता येत नाही. खोटा म्हटला तर आधीचे सगळे निकालही तपासावे लागतील. म्हणून तो नापास झालेल्या मुलासारखा गप्प बसतो. पगाराच्या दिवशी बायकोच्या खात्यात नेहमीची रक्कम टाकत राहतो, ती सुटल्यावर मिळालेल्या रकमेतून. आईवडिलांचा आरोग्य विमा कंपनीच्या गटविम्यातून होता, तो नोकरीबरोबर बंद झाला हे त्यांना सांगायचे राहून जाते. सत्तरीतल्या मधुमेही माणसाला नवा विमा कोण आणि कितीला देणार, हा प्रश्न तो एकटाच रात्री मांडत बसतो. कादंबरीला आणखी काय हवे?

आभाराचे पत्र

या माणसांचे लिहिलेले एक वाङ्मय मात्र रोज प्रसिद्ध होते. ते लिंक्डइनवरचे निरोपाचे निवेदन. त्याचा साचा आता इतका पक्का झाला आहे की आपल्याकडच्या आरत्यांशी तुलना व्हावी. आधी किती वर्षांचा प्रवास ते. मग शिकायला किती मिळाले ते. मग वरिष्ठांचे आणि सहकाऱ्यांचे आभार. शेवटी नव्या संधीसाठी उपलब्ध असल्याची नम्र सूचना. छायाचित्राभोवती हिरवे कडे. यात राग नसतो, रक्कम नसते, आणि काढणारा नसतो.

याला लाचारी म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. हे निवेदन पुढच्या मालकासाठी लिहिलेले असते, आणि तक्रार करणाऱ्याला पुढचा मालक घेत नाही. पोट असलेल्या माणसाने तसे लिहावे यात गैर काही नाही. प्रश्न साहित्याचा आहे. आभाराच्या पत्राची भाषा कथेनेही उचलली तर या माणसाला दुसरीकडे बोलायला जागा कुठे उरली?

'आम्ही' म्हणण्याची शक्यता

अन्यत्र हा प्रश्न सोडवण्याचे प्रयत्न झाले आहेत. जोशुआ फेरिस या अमेरिकन लेखकाच्या २००७च्या 'देन वी केम टू द एंड' या कादंबरीत शिकागोच्या एका जाहिरात कंपनीत एकामागून एक माणसे कमी होत जातात आणि निवेदन बव्हंशी 'आम्ही' या सर्वनामात चालते. कंपनी एकेकाला वेगळे काढते, तर निवेदन सगळ्यांना एकत्र धरून ठेवते. जेसन राइटमन यांच्या २००९च्या 'अप इन द एअर' या चित्रपटाचा नायक इतर कंपन्यांसाठी माणसे काढून टाकण्याचेच काम करतो. पण त्यात काढले जाणारे बरेचसे चेहरे सेंट लुईस आणि डेट्रॉइट इथल्या, मंदीत खरोखर नोकरी गेलेल्या लोकांचे आहेत. तिथे काढणारा पडद्यावर दिसतो. दोन्ही कृतींत व्याकरणाचा तिढा ओळखलेला आहे.

मराठीला हे बाहेरून आणायचीही गरज नाही. 'आम्ही' हे सर्वनाम आपल्या कामगार कवितेत घडलेले आहे. कर्त्याला वाक्यात ठेवणारे वाक्प्रचार आपल्याकडे आहेत : 'नारळ दिला', 'डच्चू दिला', 'पोटावर पाय आणला'. हे सगळे देणाऱ्याला आणि आणणाऱ्याला सोडत नाहीत. कंत्राटी कामगार आजही 'ब्रेक दिला' म्हणतो; दोनशे चाळीस दिवस भरू नयेत म्हणून मध्येच घरी बसवण्याची युक्ती त्या दोन शब्दांत त्याने नेमकी पकडली आहे. भाषा तयार आहे. आपली मध्यमवर्गीय कथा ती वापरायला कचरते, कारण ती वापरली की आपण 'कामगार' ठरतो.

एवढ्याने काही नोकरी परत मिळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण वाक्य बरोबर लिहिण्याचे दोन उपयोग आहेत. पहिला व्यवहाराचा. समोर ठेवलेल्या मसुद्यात कर्ता कोण आहे हे वाचून, गरज पडल्यास वकिलाला दाखवून, मगच सही करण्याची सवय लागली तर हक्काची रक्कम मर्जीची होण्यापासून वाचू शकते. दुसरा उपयोग घरचा. 'माझी नोकरी सुटली' म्हणणाऱ्या बापाकडे मुले त्याच्या हातून काहीतरी निसटल्यासारखी पाहतात. 'आम्हाला कमी केलं' म्हणणाऱ्याकडे ती तशी पाहणार नाहीत. गिरणी कामगाराने मुलांना पैसा ठेवला नाही, पण हे वाक्य ठेवले. म्हणून 'अधांतर' लिहिले गेले. नऊ महिन्यांचा पगार घेऊन घरी आलेल्या माणसाकडे तेवढेही उरले नाही, तर त्याच्या मुलांनी पुढे नाटक लिहायचे कशावर?